अंग काय सांगतंय, ते ओळखायचं कसं

कापूस वेचणीच्या दिवसांत माझी माय रोज संध्याकाळी एकच सांगायची, "आंगमा ताकदच नही." अमळनेरकडच्या आमच्या गावात वेचणीला जाणारी प्रत्येक बाई थकतेच, म्हणून आम्ही ते कानाआड केलं. तांदूळ निवडताना ती कच्चे दाणे चघळायची, त्याकडेही कुणी लक्ष दिलं नाही. दोन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८ च्या खाली होतं. बाईचं ते किमान १२ असावं लागतं. कच्चे तांदूळ, माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटणं ही लोह कमी असल्याची खूण असू शकते, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिचं अंग सांगत होतं. ऐकणारे आम्ही चुकलो. म्हणून हे लिहितोय.

आधी आपलं रोजचं माप घ्या

आठ दिवस एका वहीत लिहा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाची बसल्याजागी ६० ते १०० असते. झोप किती झाली, भूक कशी होती, लघवीचा रंग कसा, पोट साफ झालं का, पाण्याची घागर उचलून ओट्यापर्यंत आणताना दम लागला का, तेही लिहा. नेहमीचं कसं असतं ते माहीत असेल, तरच बदललेलं ओळखू येतं. शेजाऱ्याच्या मापाशी तुलना करू नका.

बदल दिसला की त्याला प्रश्न विचारा

कधीपासून? कशानंतर? कशाने थांबतं? वाढतंय की कमी होतंय? एक उदाहरण देतो. दुपारी तुपात बुडवलेली वरण-बट्टी खाल्ली, तासाभराने आंबट ढेकर आले, छातीत जळजळलं. हे बट्टीचं असू शकतं. पुढच्या वेळी एक बट्टी कमी खाऊन बघा, सावकाश खा, कारण पोट भरल्याचा निरोप डोक्यात पोचायला वीसेक मिनिटं जातात. पण शेताची चढण चढताना छाती दाबल्यासारखी होते आणि बांधावर बसलं की थांबते, तर ते पित्त समजू नका. ते हृदयाचं असू शकतं, डॉक्टरला दाखवाच. बसूनही थांबत नसेल, घाम फुटत असेल, जबडा किंवा डावा हात दुखत असेल, तर थेट १०८ ला, म्हणजे सरकारी रुग्णवाहिकेला, फोन करा. बायकांमध्ये कधी छातीत फारसं दुखत नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, एकदम गळून गेल्यासारखं होतं. घरातल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

रोज दुखण्याची गोळी घेऊन कामाला जाणारे आमच्याकडे खूप आहेत. गोळीने निरोप दबतो, कारण तसंच राहतं. उन्हात, अंगात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला जास्त घातक ठरतात.

उन्हाळ्यात तहानेवर विसंबू नका

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो. तहान उशिरा लागते, म्हाताऱ्यांना तर आणखी उशिरा. लघवीचा रंग आधी सांगतो. गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. पायात गोळे आले, चक्कर आली, मळमळलं, तर सावलीत बसा आणि ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवून थोडंथोडं प्या. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. १०८ बोलवा, अंग ओलं करून वारा घाला. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

फवारणीच्या दिवशी

डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, भरपूर घाम, धूसर दिसणं, डोकेदुखी, हातापायांत थरथर, यातलं काहीही जाणवलं की पंप खाली ठेवा. "एवढे दोन पंप मारून घेतो" म्हणू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. बाटलीवरचं नाव बघून डॉक्टरला उपचार लवकर ठरवता येतात.

अंग गप्प असतं, तिथे तपासणी

रक्तदाब आणि साखर वर्षानुवर्षं वाढत राहतात, काही जाणवत नाही. ३० वर्षांनंतर दोन्ही तपासून घ्या, गावच्या आरोग्य उपकेंद्रातही होतं. नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेल हा आईबापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे. त्याच्या वाहकाला, म्हणजे आईबापापैकी एकाकडूनच तो दोष आलेल्याला, बहुधा काहीच त्रास नसतो, पण दोघंही वाहक असले तर मुलाला आजार होऊ शकतो, म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी हवी.

डॉक्टरसमोर काय सांगायचं

आजाराचं नाव आपण ठरवून नेऊ नका, वही न्या. "अशक्तपणा आहे" यापेक्षा "पूर्वी दिवसभर वेचायचे, आता दुपारीच बसावं लागतं" हे जास्त कामाचं. अहिराणीत सुचत असेल तर अहिराणीतच सांगा. मायला लोहाच्या गोळ्या दिल्या तेव्हा शौचाला काळं होईल, घाबरू नका, असं नर्सबाईंनी आधीच सांगितलं होतं. गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही, लिंबू चालतं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा ११ च्या वर होतं. कच्चे तांदूळ खाणं त्याआधीच सुटलं होतं.