कॉन्टूरसाठी प्रॉडक्ट निवडताना या चुका टाळा

कॉन्टूर बिघडला की दोष हाताला दिला जातो. बऱ्याचदा चूक त्याआधीच, दुकानात रंग निवडताना झालेली असते. कॉन्टूर करणं म्हणजे चेहऱ्याचा एखादा भाग आत गेलेला दिसावा म्हणून तिथे गडद रंगाने सावली रंगवणं. सावली केशरी नसते आणि चमकत तर मुळीच नाही.

सगळ्यात जास्त घोळ ब्रॉन्झरमुळे होतो. उन्हात रापलेल्या त्वचेचा तांबूस तपकिरी रंग देणं हे त्याचं काम, आणि त्यात बरेचदा शिमर, म्हणजे बारीक चमकी, असते. गालाच्या हाडाखाली तो लावला तर तिथे खळगा दिसण्याऐवजी तांबूस पट्टा दिसतो. वर शिमरवरून प्रकाश परतत असल्यामुळे जो भाग आत गेलेला दिसायला हवा, तोच पुढे येतो. कॉन्टूरसाठी पूर्ण मॅट, म्हणजे अजिबात न चमकणारा, आणि कमी तांबूस तपकिरी रंगच घ्या.

यातही आपल्याकडे एक अडचण येते. बाजारातल्या अनेक पॅलेटमधला फिकट राखाडी-तपकिरी रंग गोऱ्या त्वचेसाठी केलेला असतो. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर तो राखेसारखा उमटतो आणि चेहरा आजारी दिसतो. गव्हाळ त्वचेला मध्यम, ना लालसर ना राखाडी असा तपकिरी शोभतो. सावळ्या त्वचेला गडद कॉफीसारखा. साधारणपणे फाउंडेशनपेक्षा दोन छटा गडद रंग पुरतो. त्वचा गडद असेल तर तीन छटाही लागतात, कारण दोन छटांचा फरक तिथे दिसतच नाही. अंदाज येत नसेल तर दिवसा खिडकीजवळ आरसा धरा आणि जबड्याच्या कडेखाली पडलेली स्वतःची सावली नीट बघा. त्याच रंगाच्या जवळचं प्रॉडक्ट शोधायचं.

टेस्टर मनगटावर लावून बघू नका, मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग सहसा जुळत नाही. जबड्याच्या कडेला, जमल्यास नेहमीच्या फाउंडेशनवर लावा, दहा मिनिटं थांबा आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन बघा. काही क्रीम प्रॉडक्ट हवा लागली की गडद किंवा लालसर होतात, आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली तो फरक कळत नाही.

क्रीम घ्यायचं की पावडर, हे त्वचा आणि हवा बघून ठरवा. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तेलकट चेहऱ्यावर मेणकट स्टिक तासाभरात सरकायला लागते. अशा वेळी पावडर बरी. क्रीमच हवं असेल तर अगदी पातळ थर द्या आणि तो पावडरने बसवा. कोरड्या त्वचेवर, विशेषतः थंडीत, पावडर सोललेल्या जागी अडकते, तिथे क्रीमच घ्या. क्रम मात्र चुकवू नका: आधी फाउंडेशन, मग क्रीम कॉन्टूर, त्यावर पावडर. कॉम्पॅक्ट फिरवल्यावर क्रीम लावलं तर त्यातल्या तेलाने खालची पावडर भिजून गोळा होते आणि चेहऱ्यावर ठिपके पडतात. हे ठिपके घासून जात नाहीत. तेवढी जागा पुसून फाउंडेशनपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

क्रीम ब्लेंड करताना रबरासारखे बारीक तुकडे सुटत असतील तर बरेचदा खालचा थर आणि क्रीम यांचं जमत नसतं. सिलिकॉनवर आधारलेला प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावतात तो थर) आणि पाण्यावर आधारलेलं प्रॉडक्ट ही त्यातली नेहमीची जोडी. खरेदीआधी दोन्ही थेंब-थेंब हाताच्या पाठीवर मिसळून बघा. फाटलेल्या दुधासारखं वेगळं झालं तर घेऊ नका.

स्टिक थेट गालावर ओढली की खालचं फाउंडेशनही उचललं जातं. ती आधी हाताच्या पाठीवर घासा, छोट्या दाट ब्रशने तिथून थोडं उचला, आणि कानाच्या वरच्या टोकापासून तोंडाच्या कोपऱ्याच्या दिशेने टिपत या. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली आलं की थांबा, आणि ब्लेंड वरच्या बाजूला करा. खाली ओढलं तर गाल लोंबल्यासारखे दिसतात. पावडरसाठी तिरक्या टोकाचा लहान ब्रश घ्या. ब्लशचा मोठा ब्रश रंग अर्ध्या गालावर पसरवतो, मग प्रॉडक्ट कितीही चांगलं असलं तरी चेहरा मळकट वाटतो. रंग जास्त झालाच तर वर पावडर चढवू नका. फाउंडेशन लावलेला तोच स्पंज, नवीन फाउंडेशन न घेता, कडेवर दाबत फिरवा.

पावडरचा रंग उमटेनासा झाला म्हणून लगेच नवा डबा आणू नका. ब्रशमधून आलेल्या तेलामुळे वर चकचकीत कडक पापुद्रा धरतो आणि पावडर सुटतच नाही. त्यावर चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, खाली नवी पावडर निघते, आणि ब्रश त्याच दिवशी धुवून टाका. क्रीमचं तसं नाही: त्याला आंबूस वास आला किंवा वर तेल सुटलं तर उरलेलं टाकूनच द्यायचं.