शब्द शिकवताना या चुका टाळा (मी सगळ्या करून बसले आहे)

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. पोरं अजून वर्गात नीट बसायला लागलेली नसतात तोच बीएडचे छात्राध्यापक टाचणाची वही घेऊन पाठ घ्यायला हजर होतात. टाचण देखणं असतं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'नवीन शब्द' अशी चौकट, आत बारा शब्द, समोर बारा अर्थ. "मुलांनो, वहीत उतरवून घ्या." मुलं उतरवतात. झाला शब्दसंग्रह!

मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला मराठी आणि इंग्रजी शिकवते. मागच्या बाकावर बसून ही चौकट बघताना दर वर्षी चिडचिड होते. खरं तर ही चौकट मीही कित्येक वर्षं आखली आहे.

"पाच वेळा लिहून आणा"

नोकरीच्या सुरुवातीला माझा नेम होता: सोमवारी इंग्रजीचे वीस शब्द, प्रत्येक पाच वेळा लिहायचा, शनिवारी चाचणी. पोरं वीसपैकी अठरा-एकोणीस मिळवायची. मी तो गठ्ठा मुख्याध्यापकांना कौतुकाने दाखवून आले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच तासाला, न सांगता, त्यातलेच वीस शब्द विचारले. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला सात आले. दुसऱ्या एकीला 'रिमेंबर'चा अर्थ विचारला, तर ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तो शब्द तर शनिवारचा होता."

त्यानंतर मी पोरं पाच वेळा लिहितात म्हणजे नेमकं काय करतात ते ऑफ तासाला बघत उभी राहिले. एक मुलगा 'ब्यूटिफुल' लिहीत होता. आधी एकाखाली एक पाच 'बी'. मग शेजारी पाच 'ई'. मग पाच 'ए'. गवंडी विटांचा थर लावतो तसा. पान भरलं, अक्षर सुरेख, आणि त्याने तो शब्द सलग एकदाही लिहिला नव्हता. मोठ्याने म्हटलाही नव्हता.

हर्मन एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून, आपण किती विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली छापलं. पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच गळतं, मग गळती मंदावते. आणि तेवढीच मेहनत एका बैठकीत न करता काही दिवसांत वाटली तर जास्त टिकतं. एवढं जुनं आहे हे, तरी आपण शनिवारीच चाचणी घेतो.

आता माझ्या टेबलावर संत्रा बर्फीचे तीन रिकामे डबे असतात. आठवड्याला आठच शब्द. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मुलांनी केलेलं वाक्य. पहिल्या डब्यातल्या चिठ्ठ्या रोज निघतात, दुसऱ्यातल्या आठवड्याने, तिसऱ्यातल्या महिन्याने. आला तर पुढच्या डब्यात, अडला तर परत पहिल्यात. कल्पना माझी नाही. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात अशी कप्प्यांची पेटी सुचवली होती. बर्फी मात्र माझी. नियम एकच, चिठ्ठी उलटायच्या आधी आठवायचं, चुकलं तरी चालेल. वाचून मान डोलावणं म्हणजे आठवणं नाही.

"वेळ कुठे असतो?" असं स्टाफरूममध्ये हमखास विचारतात. मी हजेरीच्या वेळी करते. रोज दहा जणांनी 'हजर' न म्हणता चिठ्ठीतल्या शब्दाचं वाक्य म्हणायचं. चार मिनिटं जातात. आणि या चिठ्ठ्यांना मार्क नाहीत. मार्क आले की पुन्हा शनिवार आला.

घरचा शब्द लाल शाईने खोडणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, आणि ती करणारी माणसं बहुधा फार मनापासून शिकवणारी असतात.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेत असताना एक नवे सर आले होते, पश्चिम महाराष्ट्रातले. सहावीतल्या एका मुलाने निबंधात लिहिलं, 'आई भाजीवर सांभार टाकते.' सरांनी 'सांभार' खोडला, वर 'कोथिंबीर' लिहिलं आणि दहा वेळा लिहून आणायला लावलं. दोनेक महिन्यांनी सहलीवर निबंध आला. त्याच मुलाने लिहिलं होतं, 'आम्ही हॉटेलात इडली-कोथिंबीर खाल्ली.'

स्टाफरूममध्ये हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसले. मग त्याची वही मागून घेतली आणि मागची पानं चाळली. जुलैतला निबंध दीड पान होता, चुकांनी भरलेला आणि वाचावासा वाटणारा. त्यात बैलाच्या शिंगांना लावलेला रंग होता, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, मोडलेलं लाकडी नंदीचं चाक होतं. सहलीचा निबंध सात ओळींचा. 'छान होते', 'खूप मजा आली', 'सर्वजण आनंदी झाले'. खात्री नसलेला एकही शब्द तो आता लिहीतच नव्हता. दहा वेळा लिहून तो एक शब्द शिकला आणि बाकीचे लपवून ठेवायलाही शिकला.

नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. इथल्या मराठीत हिंदी पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. आमच्याकडे बटाटा नाही, आलू असतो. दाण्यांना फल्लीदाणे म्हणतात. पोरगं 'अभ्यास करून राहिलो' म्हणतं, तेव्हा त्याला व्याकरण येत नाही असं नसतं, त्याला त्याच्या आईचं व्याकरण येतं. नवा शब्द याच शब्दांना बांधायचा आहे. तो खुंटाच उपटला तर बांधणार कशाला?

माझी सवय अशी: नवा शब्द फळ्यावर लिहायच्या आधी विचारते, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" वहीत दोन रकाने, 'घरचा' आणि 'पुस्तकातला'. कुठला कुठे वापरायचा हे सांगते. खोडत काहीच नाही. एकदा कापडावरच्या धड्यात 'उभे धागे, आडवे धागे' आलं. पाचपावलीकडची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "आमच्या आजोबांकडे माग होता, त्याला ताणा-बाणा म्हणतात." मग तिनेच दप्तराचे बंद एकमेकांत ओवून दाखवले. तो तास मी शिकवलाच नाही, आणि ते दोन शब्द वर्षभर कोणी विसरलं नाही.

एक शब्द, एक अर्थ

'रन म्हणजे धावणे' एवढंच दिलं की 'ही रन्स अ शॉप'चं भाषांतर 'तो दुकान पळवतो' असं होणारच. शब्द एकटा देऊ नका, जोडीदारासकट द्या: 'डू होमवर्क', 'मेक अ मिस्टेक'. पोरांना हे पटत नसेल तर आपलंच 'मारणे' घ्या. हाक मारतो, उडी मारतो, चक्कर मारतो, गप्पा मारतो, थापा मारतो. यात मार कोणालाच बसत नाही.

विरुद्धार्थी जोड्या एकाच दिवशी

गाइडवाल्यांना जोड्या फार आवडतात, कारण छापायला सोप्या. 'बॉरो' आणि 'लेंड' एकाच तासाला शिकवा, दहावीपर्यंत पोरगं 'सर, कॅन आय लेंड युअर पेन?' म्हणत राहील. अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र दिले तर शिकायला जास्त वेळ लागतो, हे थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ साली प्रयोगांतून दाखवलं. एक आज, दुसरा पंधरा दिवसांनी, पहिला पक्का झाल्यावर. बस.

बाकीच्या

शब्दकोशातून पाच शब्द शोधून आणायला सांगू नका. पोरं सगळ्यात छोटा अर्थ असलेले पाच आणतात. प्रत्येक शब्दाला चित्र लावू नका. 'प्रामाणिकपणा'च्या चित्रात शेवटी राजा हरिश्चंद्रच येतो. उच्चार सांगायच्या आधी स्पेलिंग लिहून देऊ नका.

आणि सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळणारं 'तीस दिवसांत हजार शब्द' छापाचं पुस्तक वर्गात आणू नका. म्हणजे दिवसाला तेहेतीस. पालकांना ते आवडतं, आणि खरं सांगायचं तर घाईतल्या नव्या शिक्षकांना त्याहून जास्त. माझे आठवड्याचे आठ, वर्षाचे धरा तीस आठवडे, म्हणजे दोनशे चाळीस. कमी वाटतात, कबूल.

चुकीचे शब्द निवडणं

आठ निवडायचे तर कोणते? धड्यात जाड ठशात छापलेले, असं बहुतेक जण म्हणतील. त्यातले कित्येक पोरांना पुन्हा कधी भेटत नाहीत. त्याउलट 'स्पष्ट करा', 'तुलना करा', 'परिणाम', 'अंदाज', 'निष्कर्ष' हे शब्द विज्ञानात, भूगोलात, प्रत्येक घटक चाचणीत येतात, आणि ते सगळ्यांना येतातच असं धरून कोणीच शिकवत नाही. मागच्या वर्षी सातवीला विचारलं, "तुलना करा म्हणजे काय करायचं?" बराच वेळ वर्ग गप्प. मग मागून एक हात वर आला.

"मॅडम, मधून रेघ मारायची."