डायपरखालची कातडी लाल होतेय? या चुका टाळा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांड्या लाल झाल्या की पहिला राग डायपरवर निघतो. मी घरोघरी जाऊन रुग्णसेवा करते. बहुतेक घरांत दोष पुसण्यात सापडतो.

नागपूरच्या महाल भागातल्या एका घरून ऐन नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बोलावणं आलं. आजींच्या जांघा सोललेल्या, हात लावू देईनात. सून रडकुंडीला आलेली. “सिस्टर, दर वेळी साबण लावून धुते, वरून अँटिसेप्टिकच्या पाण्यानं पुसते. तरी काहून असं होऊन राहिलं?”

म्हणूनच होऊन राहिलं, ताई! निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ४.५ ते ५.५. अंगाच्या साबणाच्या वडीचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया करतात, तोही त्याच बाजूचा. अशा त्वचेवर शौच लागलं की त्यातली पाचक द्रव्यं तिलाच खायला लागतात. साबण बंद केला, बाटली कपाटात ठेवली. कोमट पाणी, जुन्या सुती साडीचा तुकडा, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. मग झिंक ऑक्साइडचं मलम. आठवडाभरात आजी कुशीवर वळू देऊ लागल्या.

मलम लोण्यासारखं थापू नका, ते डायपरला चिकटतं आणि डायपर शोषेनासा होतो. पुढच्या वेळी फक्त मळलेला थर काढा. सगळं खरवडून काढायची घाई कशाला?

पावडर नको, ओल्यात तिचे गोळे होतात. एकावर एक दोन डायपरही नकोत.

मला सर्वांत चीड येते ती पाणी तोडण्याची. “बाबांना कमी पाजतो, म्हणजे रात्री बदलायला नको.” नागपूरचा पारा ४५ च्या वर आणि माणसाला तहानलेलं ठेवायचं? लघवी घट्ट होते, जास्त झोंबते, वर उष्माघाताची भीती. डॉक्टरांनीच पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. दिवसा भरपूर द्या, झोपायच्या आधी थोडं कमी करा. दर दोन तासांनी हात घालून बघा, शौच झालं असेल तर लगेच बदला.

मेडिकलवाल्यानं दिलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूबही मनानं लावू नका. अशा मलमांत बरेचदा स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते. लालीच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर बुरशी असू शकते. माकडहाडावर काळपट डाग दिसला तर तो दाबाचा व्रण असू शकतो. दोन्ही वेळा त्वचा डॉक्टरांना दाखवा, फोटो पाठवून भागवू नका.