हेल्मेटखाली टिकेल असा चष्मा ऑनलाइन घेताना

माझा नंबर उणे साडेचार, आणि रोजचा रस्ता ॲक्टिव्हावरून कोथरूड ते हडपसर. त्यामुळे ऑनलाइन चष्मा घेताना फ्रेमचा रंग मी सगळ्यात शेवटी बघते.

आधी डोळे तपासून ताजा नंबर घ्या. कागदावर पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये लिहून मागा. मागितल्याशिवाय ते सहसा कोणी लिहीत नाही. नंबर भरताना अधिक-उणे आणि ॲक्सिस, म्हणजे सिलिंडर नंबरचा कोन, पुन्हा एकदा पडताळा.

मग घरातला नीट बसणारा जुना चष्मा काढा. काडीच्या आतल्या बाजूला 50-18-140 असं काहीतरी छापलेलं असतं: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज पीडीच्या जितकी जवळ, तितकं बरं. माझा पीडी 62. फ्रेम 46-18 घेतली तर बेरीज 64, म्हणजे बाहुली काचेच्या जवळपास मधोमध येते. तेच ऐटबाज 56-18 घेतली तर बेरीज 74. प्रत्येक काचेचा मध्य सहा मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो आणि उणे नंबरवाल्यांची बाहेरची कड चांगलीच जाड होते. फोटोतली मुलगी बिननंबरी काच लावून हसत असते, एवढं ध्यानात ठेवा.

दुचाकीवाल्यांनी पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, म्हणजे सहजी न फुटणारं प्लास्टिक, घ्यावं. खरी काच नकोच, फुटली तर तुकडे डोळ्यात. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर उठतात, म्हणून हार्ड कोटिंग हवंच. अतिनील किरण ते मुळातच अडवतं, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू-कटचेही मी देत नाही. त्याने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

फ्रेम पूर्ण कडेची, काड्या सरळ आणि बारीक. जाड काडी हेल्मेटमध्ये शिरत नाही, शिरलीच तर सिग्नलपर्यंत कानशील ठणकायला लागतं.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला चष्मा, मात्र ऑनलाइन नको. बाहुलीची उंची फ्रेम चेहऱ्यावर ठेवूनच मोजावी लागते. आईचा चष्मा आम्ही लक्ष्मी रोडवरच करतो.

पार्सल आलं की परतीची मुदत संपायच्या आत जवळच्या चष्मेवाल्याकडे लेन्सोमीटरवर नंबर तपासून घ्या. बाहेरून घेतलेला चष्मा बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडतील. तपासणीचे पैसे आपणहून पुढे करा, काड्याही वाकवून नीट बसवून देईल.