ट्रकच्या एसीची कुलिंग कॉइल घरच्या घरी कशी साफ करायची

एसी चालू केला की पहिली दोन मिनिटं ओल्या कपड्यासारखा कुबट वास येतो, ब्लोअर चारवर टाकला तरी हवा दोनवर असल्यासारखी येते, तेव्हा बरेच जण आधी गॅस भरून घेतात. गॅस कमी असला तर थंडावा कमी होतो हे खरं, पण वाऱ्याचा जोर थेट गॅसमुळे कमी होत नाही. जोर कमी झाला असेल तर केबिनच्या हवेचा फिल्टर चोंदलाय किंवा कॉइलवर धुळीचा थर बसलाय, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतोय. म्हणून गॅसला हात लावायच्या आधी कॉइल बघा.

ही कॉइल, म्हणजे इव्हॅपोरेटर, डॅशबोर्डच्या आत एका प्लास्टिकच्या डब्यात असते, बहुतेक ट्रकमध्ये ग्लोव्हबॉक्सच्या मागे. आतला गॅस थंड असतो, बाहेरून केबिनची हवा जाते, हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन बसते आणि ते पाणी खालच्या ड्रेन पाइपमधून गाडीखाली टपकतं. अंधार, ओल आणि धूळ तिन्ही एकत्र आले की बुरशी धरणारच. ज्या ट्रकला मागे झोपायची केबिन आहे त्यात कधी कधी तिकडे दुसरी वेगळी कॉइल असते, ती विसरू नका, नाहीतर पुढची चकाचक करूनही वास राहतो.

सामान फार लागत नाही. स्क्रूड्रायव्हर आणि सॉकेट सेट, टॉर्च, मऊ ब्रश, हाताने पंप मारायचा स्प्रे, लांब नळीचा फोमवाला इव्हॅपोरेटर क्लीनर, जुने टॉवेल, हातमोजे, चष्मा, मास्क. मोबाइलला जोडायचा नळीवाला छोटा कॅमेरा मिळाला तर फारच उत्तम, कारण आत डोकं घालून दिसत काही नाही. क्लीनरवर ॲल्युमिनियमला चालतो आणि गाडीच्या इव्हॅपोरेटरसाठी आहे असं लिहिलेलं बघूनच घ्या. बाहेरच्या कंडेन्सरसाठी ॲसिडवाले किंवा कॉस्टिकवाले जोरदार क्लीनर मिळतात ते आत अजिबात नको, ब्लीच पण नको, कॉइलच्या फिन्स, म्हणजे तिच्यावरच्या बारीक पट्ट्या, पातळ ॲल्युमिनियमच्या असतात, त्या खाऊन जातात, वर तो वास तुमच्याच नाकात जाणार.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद, चावी काढून घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. मेन स्विच असेल तर तो पण बंद. डाव्या बाजूला एअरबॅग असेल तर केबल काढल्यावर मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा आणि त्याच्या वायरिंगला, प्लगला हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आधी ड्रेन बघा. लोक सरळ फोम मारतात, ड्रेन चोंदलेला असतो आणि सगळं काळं पाणी केबिनमध्ये, पायाखालच्या मॅटवर. गाडीखाली, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यापाशी एक रबरी नळी किंवा वाकडा कोपरा दिसेल, तो ओढून बघा, आत चिखल आणि जाळी अडकलेली असते. खालून मऊ प्लास्टिकची पट्टी हळूच घाला, किंवा अगदी कमी दाबाने हवा मारा. तारेने खुपसू नका, कॉइल जवळच असते. मग, खाली सांगितल्याप्रमाणे उघडल्यावर, वरून कॉइलवर वाटीभर पाणी सोडा, खाली लगेच टपकायला लागलं तरच पुढे फोम मारा.

मग फिल्टर काढा, ग्लोव्हबॉक्स खाली करा. कॉइलपर्यंत जायला फिल्टरची फट, ब्लोअर मोटरचं भोक नाहीतर रेझिस्टरचं (ब्लोअरचा स्पीड कमी-जास्त करणारा भाग) भोक, यातलं एक मिळतंच. फोटो काढत काढत उघडा म्हणजे बसवताना गोंधळ होत नाही. मोटर आणि रेझिस्टर काढून बाजूला कोरडे ठेवा, कारण ते ओले झाले तर ब्लोअरचा स्पीडच जातो. ब्लोअरचे पंखे धुळीने भरलेले असतील तर ते पण ब्रशने झटकून घ्या. आत जी बारीक वायर कॉइलमध्ये खोचलेली दिसते तो तापमानाचा सेन्सर, तो ओढायचा नाही, जागचा हलला तर कॉइलवर बर्फ धरतो.

खाली टॉवेल पसरा. आधी कोरडी धूळ व्हॅक्यूमने किंवा ब्रशने काढा, ब्रश फिन्सच्या रेघांच्या दिशेने फिरवा, आडवा मारला तर फिन्स वाकतात. मग नळी आत घालून फोम मारा, वरपासून खालपर्यंत, सगळी बाजू झाकली जाईल असा, क्लीनरच्या डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ, साधारण पंधरा ते वीस मिनिटं, तसाच राहू द्या. फोम विरत विरत खाली जातो आणि मळ घेऊन येतो, ड्रेनमधून काळपट तपकिरी पाणी पडायला लागतं ते बघून कळतंच की किती साचलं होतं. त्यानंतर साध्या पाण्याने हळूहळू धुवा, पाणी स्वच्छ पडेपर्यंत, लागलं तर परत एक राऊंड. प्रेशर वॉशर नको, त्याने फिन्स लोळतात आणि एकदा लोळल्या की वारा जातच नाही.

कॅमेऱ्यात कॉइलवर एखाद्या जागी तेलकट डाग आणि त्यावर चिकट धूळ दिसली तर तिथून गॅस आणि त्याबरोबर कॉम्प्रेसरचं तेल गळतंय. ते साफ करून काही होणार नाही, ते एसीवाल्याचं काम. पाइप स्वतः सोडवू नका, आतला गॅस दाबाखाली असतो, अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर फार वाईट. मॅटवर ओल आहे आणि वास गोडसर येतोय तर ते एसीचं पाणी नाही, हीटरचा कूलंट गळतोय.

सगळं कोरडं पुसून उलट्या क्रमाने बसवा, नवा फिल्टर टाका, त्यावर बाण असतो तो हवेच्या दिशेने. बॅटरी जोडा, मोकळ्या जागी इंजिन चालू करा, दारं उघडी ठेवा, एसी बंद, हीटर फुल्ल, ब्लोअर फुल्ल, दहा-पंधरा मिनिटं. आतली ओल गेली की मग एसी लावून बघा. पहिल्या दिवशी क्लीनरचा थोडा वास येतो, तो जातो.

पुढे वास नको असेल तर गाडी लावायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा पण ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते. धुळीच्या रस्त्यावर रिसर्क्युलेशन लावा, म्हणजे बाहेरची हवा न घेता आतलीच फिरते, आणि फिल्टर वर्षाची वाट न बघता, काळा दिसला की बदला.