नवी वात कोरडी पेटवू नका : कंदीलवाल्यांनो, या चुका टाळा

पावसाळ्यात पहिल्यांदा लाइट गेली की आमच्या सोसायटीत कुणाला तरी माळ्यावरच्या कंदिलाची आठवण होते आणि फोन मला येतो. बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन गंजके कंदील उचलून आणायचा माझा नाद सगळ्यांना माहीत आहे. तक्रार ठरलेली असते, "नवी वात घातली, तरी धूर होतोय." मी विचारतो, भिजवली होती का? पलीकडे शांतता.

कंदिलात जळायला हवं ते रॉकेल, वात नव्हे. सुताच्या विणीतून रॉकेल केशाकर्षणाने वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. तेल पोचतंय तोवर सूत टिकतं. कोरड्या वातीला काडी लावली तर पेटायला फक्त सूतच असतं. टोकाचा कोळसा होतो, आणि कोळसा झालेल्या टोकातून तेल नीट येत नाही, मग टाकीत कितीही ओता.

माझ्या आजीचा ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील १९६१ च्या पानशेतच्या पुरातून वाचला. माझ्या भाच्याच्या हातून मात्र वाचला नाही. मी भाजी आणायला खाली गेलो, तेवढ्यात लाइट गेली आणि याने नवी वात घालून, वर रॉकेल ओतून लगेच काडी लावली. ज्योत मंदावली की चावी फिरवून वात वर, पुन्हा मंदावली की पुन्हा वर. मी परतलो तेव्हा घरभर चिंधी जळल्याचा वास, दीड इंच वात खाक आणि काच आतून काळीकुट्ट. वर मलाच सांगतो, "मामा, वात डुप्लिकेट आहे." आणि मी काही बोलायच्या आत त्याने तापलेल्या काचेला ओलं फडकं लावलं. ताड्कन आवाज झाला. त्या मापाची काच मिळवायला मला बोहरी आळीच्या दोन खेपा आणि जुन्या बाजारातले तीन रविवार लागले. एवढ्या खटाटोपाऐवजी अर्धा तास थांबायला या पोरांचं काय जातं, मला कळत नाही.

माझी पद्धत अशी. पावसाळ्यात सूत दमट असतं, आणि पाणी प्यायलेलं सूत तेल घेत नाही. म्हणून वात आधी नुसती, कोमट तव्यावर फिरवून कोरडी करतो. गॅस बंद केल्यावरच मग रॉकेलची बाटली काढतो. अख्खी वात गुंडाळी करून वाटीभर रॉकेलात अर्धा तास बुडवून ठेवतो. पंधरा-वीस मिनिटं पुरतात म्हणे, पण मी घाई करत नाही. नुसतं टोक बोटाने ओलं करणारे महाभाग भेटतात, त्यांना माझा नमस्कार. वात घातल्यावर टाकी भरून आणखी दहा मिनिटं थांबायचं, सांडलेलं पुसायचं, हात धुवायचे, मगच काडी. पहिली पाच मिनिटं ज्योत बारीक. काच तापली की वाढवा.

बाकीचं थोडक्यात. वात धारदार कात्रीने सरळ कापा आणि दोन्ही कोपरे किंचित उडवा, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात. टाकी काठोकाठ भरू नका, पाव भाग रिकामा हवा. वातीचा एक धागा जाळून पाहा, टोकाला घट्ट गोळी झाली तर ती पॉलिएस्टर आहे, टाकून द्या. गोडंतेल समईत चालतं, कारण तिथे ते ज्योतीच्या अगदी जवळ असतं. कंदिलात ते दाट तेल एवढं उंच चढत नाही. खिडकी उघडी ठेवा. आणि पेट्रोल? घालायचं नाही. का, ते विचारायचंही नाही.

करपलेली वात मात्र लगेच फेकू नका. काळा भाग कापून टाका, आणि उरलेली तळाला टेकत असेल तर पुन्हा भिजवून वापरा. भाच्याने जाळलेली ती वात अजून माझ्या कंदिलात आहे.