सबवूफरचा गेन लावायला बसण्याआधी

गाडीतला सबवूफर (खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर) ज्या अँप्लिफायरवर, म्हणजे अँपवर चालतो, त्यावर गेनचा नॉब असतो. तो फिरवायला दोन मिनिटं पुरतात, वेळ खाते ती त्याआधीची तयारी. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या: गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारा व्होल्टेज आणि अँपची ताकद यांची जुळणी करणं एवढंच त्याचं काम.

कागद-पेन घ्या आणि वूफरची व अँपची माहितीपत्रकं शोधा. खोक्यावर ठळक छापलेला ‘मॅक्स पॉवर’चा आकडा सरळ विसरायचा, आरएमएस (सतत चालणारी पॉवर) बघायचा, आणि दोन्हींपैकी जो कमी असेल तो धरायचा. मग ओहम, म्हणजे वूफरच्या कॉइलचा विजेला होणारा विरोध. इथे घाई नको. डबल कॉइलचा ४+४ ओहमचा वूफर पॅरलल जोडला असेल तर अँपला २ ओहम दिसतात, सिरीजमध्ये ८. शंका असेल तर अँपकडच्या वायरी सोडवून मीटरने मोजा. ४ ओहमची कॉइल साडेतीनच्या आसपास दाखवते, त्यात बिघाड काही नाही. तुमचा अँप तेवढ्या कमी ओहमवर चालतो ना, हेही पत्रकातच बघून घ्या. आता वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ: हाच मीटरवर आणायचा व्होल्टचा आकडा. ३०० वॅट ४ ओहमवर हवे असतील तर ३४.६ व्होल्ट, २ ओहमवर २४.५. जोडणी २ ओहमची आणि लावले ३४.६, तर वूफरला जवळपास ६०० वॅट जातील. मग कॉइलचा वास यायला वेळ लागत नाही.

मल्टिमीटर साधा चालेल, फक्त एसी व्होल्टवर ठेवा. वाजवायला टेस्ट टोनची फाईल घ्या: ५० हर्ट्झची साईन वेव्ह (एकसारखा एकच सूर), ० डीबीची, म्हणजे पूर्ण पातळीची; स्वस्त मीटर घरच्या विजेच्या ५० हर्ट्झसाठीच बनलेले असतात, त्यामुळे आकडा भरवशाचा येतो. फाईल पेनड्राईव्हवर टाका, ब्लूटूथच्या भानगडीत पडू नका. नॉब आत दबलेला असेल तर बारीक टेस्टर जवळ ठेवा.

गाडी मोकळ्यावर लावा, कारण इंजिन चालू ठेवायचं आहे. बंद गॅरेजमध्ये हा उद्योग अजिबात नको. चालू इंजिनवर बॅटरीला १४ व्होल्टच्या आसपास मिळतात. वापरातही अँपला तेच मिळणार. जाता जाता बॅटरीजवळचा फ्यूज आणि अर्थिंगचा बोल्ट हलवून बघा. अर्थिंग रंगावर कसलेलं असेल तर रंग खरवडून पत्रा उघडा करा.

स्टिरिओवर बास, ट्रेबल, लाऊडनेस, ईक्यू सगळं शून्यावर. अँपवर बास बूस्ट बंद, लो-पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या वर, सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा) खाली. डॅशबोर्डवर बासचा रिमोट नॉब असेल तर तो मात्र फुल्ल, नाहीतर नंतर कुणी तो वाढवला की सगळं गणित कोसळतं. गेन अगदी खाली. वूफरच्या वायरी सुटलेल्या असल्याची खात्री करूनच टोन लावा आणि स्टिरिओचा आवाज पाऊण भागापर्यंत न्या: ४० पैकी ३०.

मीटरच्या दांड्या अँपच्या स्पीकर टर्मिनलला लावून गेन हळूहळू वाढवा, काढलेला व्होल्टचा आकडा आला की थांबा. मीटर क्लिपिंग (अँपची मर्यादा ओलांडून सूर वर-खाली कापला जाणं) दाखवत नाही, ते ऑसिलोस्कोपवरच दिसतं. म्हणून दोन-तीन व्होल्ट कमीच ठेवलेले मला बरे वाटतात. कानाला फरक कळत नाही. अँप बंद करून वायरी जोडा, आणि नॉबच्या जागी मार्करने रेघ मारा. डिकीत बॅगा कोंबताना तो हमखास हलतो.